अकरा ते चार

पत्र थोडक्यात असं:

‘ताई, मी मूळची अंबाजोगाईची. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवलं, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. हे गेल्यापासून थंडीचे दोन महिने मुलाकडे मुलुंडला येते. मुंबई बघायची फार हौस. मुलगा म्हणतो, रविवारी मी नेतो. नेतोही. गेल्या वर्षी गेटवेला नेलं. जायला दोन तास लागले, पार्किंग मिळेना, म्हणून गाडीतूनच गेटवे बघितला, आइस्क्रीम खाल्लं नि परत आलो. त्यानंतरचे रविवार मॉलमध्ये गेले. एकटी जाते म्हटलं तर, “आई, लोकल तुला झेपायची नाही.” सूनबाई ॲपवरून टॅक्सी करून देते म्हणते, पण तिचं बिल बघूनच माझी हौस फिटते. भाच्यानं फोनवर २३ ठिकाणांची यादी पाठवलीय, ती वाचूनच दमायला होतं. गुडघे कुरकुरतात. आणि लिहायला संकोच वाटतो, पण बाहेर पडल्यावर बाथरूमची मोठी पंचाईत होते. या वयात एकटीनं शहर बघायचं म्हणणं हा हट्ट आहे का?’

बाई,

(शाळेत पोरं तुम्हाला हीच हाक मारत असणार, म्हणून मीही तीच मारते.)

हट्ट आहे, आणि तो कराच.

मुलाच्या काळजीत खोट नाही. त्यानं लोकल बघितलीय ती सकाळी साडेआठची आणि संध्याकाळी साडेसहाची. त्या गाडीत मीही तुम्हाला चढू देणार नाही. पण त्याच रुळांवर सकाळी अकरा ते दुपारी चार जी लोकल धावते, ती त्यानं बहुतेक वर्षानुवर्षं बघितलेली नाही, कारण त्या वेळी तो ऑफिसात असतो. मुंबईत राहणाऱ्या निम्म्या लोकांना ही दुपारची मुंबई ठाऊकच नसते. तुमच्याकडे ती रोजची पाच तास आहे. चाळीस पोरं एसटीत कोंबून वेरूळ-अजिंठा करून आणलेल्या बाईला लोकल झेपायची नाही, हे त्याला कोणी सांगितलं?

मात्र त्याच्याकडे परवानगी मागू नका. वेळापत्रक द्या. ‘उद्या अकराला निघते, बाराला पोचल्यावर फोन करते, चारच्या आत परतीच्या गाडीत बसते,’ एवढं आदल्या रात्री जेवताना सांगायचं, आणि ठरल्या वेळी फोन करायचाच. पहिल्या दिवशी तो पाच वेळा फोन करील, तिसऱ्या खेपेला एकदा. व्हॉट्सॲपवर आपण कुठे आहोत ते त्याला दिसत राहील अशी सोय आहे, ती सुनेकडून सुरू करून घ्या. त्याच्या जिवाला बरं वाटेल आणि तुमचं काही जात नाही.

भाच्याची यादी पुसून टाका. त्यातली निम्मी ठिकाणं मला न बघता सांगता येतील. एक सी लिंक असणार, जो पायी बघता येत नाही. एक कुणा नटाचा बंगला असणार, म्हणजे बाहेर उभं राहून भिंत बघायची. एका दिवशी एक स्टेशन, तिथे चालत जमेल तेवढं, आणि परत. आवडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. दोन महिने आहेत ना हातात?

पहिल्या दिवशी सरळ सीएसएमटीला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, जा. कारण अगदी व्यवहारी आहे. ते शेवटचं स्टेशन. तिथे उतरायचं चुकूच शकत नाही, गाडी पुढे जातच नाही. मुलुंडहून धीमी गाडी घ्या, तासाभराचा रस्ता. ठाण्याहून सुटणारी धीमी मिळाली तर उत्तमच, कारण ती आधीच्याच स्टेशनातून निघालेली असते आणि त्या वेळी बसायला जागा मिळते. जलदच्या मागे लागू नका. दहा-पंधरा मिनिटं वाचवून तुम्हाला कुठल्या मस्टरवर सही करायचीय? तिकीट खिडकीवरच घ्या, जाऊन-येऊनचं, म्हणजे परतताना रांग नको. फलाटावर बायकांचा घोळका दिसेल तिथे उभ्या राहा, बायकांचा डबा तिथेच येतो.

जागा नसेल तर बसलेलीला नुसतं विचारायचं, “कुठे उतरणार?” याला इथे उद्धटपणा म्हणत नाहीत, ही मुंबईतली वशिल्याची एकमेव खुली पद्धत आहे. ती ‘घाटकोपर’ म्हणाली की घाटकोपरपासून ती जागा तुमची, आणि मागून आलेल्या दुसरीला ती स्वतःच सांगेल, “या काकींनी आधी विचारलंय.” तिघींच्या बाकावर चौथी बसते, तिलाही जागा म्हणतात. अर्ध्या मांडीवर टेकायचं असतं ती. मग क्लिपा, टिकल्या, कानातली अडकवलेला पुठ्ठा घेऊन कुणी येईल. एक पुठ्ठा बाकावर ठेवून ती पुढच्या बायांकडे निघून जाते, बघा, निवडा, परत येते तेव्हा पैसे द्या. इतक्या विश्वासानं आमच्या सोलापुरातही दुकानदार माल सोडून जात नाही.

चुकलात तर? मी १९९४ साली सोलापूरहून आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात विक्रोळीला उतरायचं म्हणून जलद गाडीत चढले आणि खिडकीतून विक्रोळी सर्रकन मागे गेलेलं बघितलं. रडू फुटायचं बाकी होतं. शेजारची म्हणाली, “ठाण्याला उतर, समोरच्या फलाटावरून उलटी धीमी पकड.” अर्ध्या तासात विक्रोळीत होते. लोकलमधली चूक एवढीच असते. येताना मात्र एवढं सांभाळा: सीएसएमटीला १ आणि २ नंबरवरून पनवेलकडच्या हार्बरच्या गाड्या सुटतात, त्या तुमच्या नव्हेत. आणि धीमी असली तरी कुर्ला किंवा घाटकोपर लोकल नको, ती तिथेच संपते. ठाणे, डोंबिवली, कल्याण असं काहीही लिहिलेली धीमी गाडी मुलुंडला थांबते. चारच्या आत गाडीत बसा. पाचनंतर हेच स्टेशन वेगळं असतं.

आता सीएसएमटी. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

मी फोर्टातल्या एका कचेरीत २६ वर्षं नोकरी केली. रोज दोनदा या स्टेशनातून धावले. एकदा पास काढायची रांग हलेना म्हणून मान वर केली, तर तिकीटघराच्या छतावर चांदण्या. नोकरीला लागून अकरा वर्षं झाली होती तोवर! तुम्ही गाडीतून उतरलात की गर्दीला पुढे जाऊ द्या, आणि जुन्या तिकीटघरात जाऊन आधी वर बघा. मग खांब बघा, त्यांच्या माथ्यावरची पानं, पक्षी, प्राणी बघा. त्या कोरीवकामात जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे, आपल्याच इथल्या पोरांचा. तुमच्यातली शिक्षिका त्यावरून किमान अर्धा तास हलायची नाही.

मग बाहेर या, रस्ता ओलांडा आणि मागे वळून बघा. फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. सिंह इंग्रजांचा, वाघ आपला. घुमटाच्या टोकावर एक बाई उभी आहे, एका हातात मशाल, दुसऱ्यात चाक. तिचं नाव ‘प्रगती’. इमारत फ्रेडरिक स्टीव्हन्सची. काम १८७८ साली सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ची. तुम्ही उभ्या आहात तिथे एका माणसानं समोरासमोर दोन उत्तरपत्रिका लिहून ठेवल्यात, गुण तुम्ही द्या. माझा कल महापालिकेकडे आहे, पण हे इथे कुणी मानत नाही.

याच जागेच्या आसपास, बोरीबंदरहून, १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली. १४ डबे, ४००च्या आसपास माणसं, ३४ किलोमीटर. तुम्ही ज्या मार्गावरून आलात तोच तो. मुलुंडची माणसं ‘आम्ही लांब राहतो’ म्हणून कुरकुरतात, पण देशातली पहिलीच प्रवासी गाडी त्यांच्या दारावरून गेली होती.

भूक लागली तर समोर ‘आराम’ आहे. वडापाव आणि पियूष. उभ्यानं खाऊ नका, आत टेका.

जेवण झालं की ११५ नंबरची डबलडेकर शोधा. वातानुकूलित, विजेवर चालणारी. सीएसएमटीहून नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रापर्यंत जाते. जुन्या लाल डबलडेकर सप्टेंबर २०२३मध्ये बंद झाल्या, तेव्हा लोक त्यांना हार घालायला आले होते. ही नवी त्यांची नात. गुडघ्यांना विचारून सावकाश वर चढा आणि अगदी पुढच्या काचेपाशी बसा. झाडांच्या फांद्या तोंडावर येतात आणि वळतात. खालून चालताना ज्या इमारतींचा फक्त तळमजला नि पाट्या दिसतात, त्यांच्या गॅलऱ्या डोळ्यांच्या पातळीवर येतात. शेवटच्या थांब्यावर कंडक्टर उतरा म्हणेल. उतरा, समुद्राचा वारा घ्या, पुढच्या गाडीनं परत. गाडीतून गेटवे बघितल्याची भरपाई बसच्या तिकिटात होईल.

पहिला दिवस संपला. एवढंच. अजून दम असला तरी घरी जा. हौस शिल्लक ठेवून परतलेली माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा निघतात.

बाथरूमचं. संकोच कशाला, हा अर्ध्या मुंबईचा प्रश्न आहे. आपल्या वयाच्या बायका काय करतात, तर पाणीच पीत नाहीत, आणि मग संध्याकाळी डोकं धरून बसतात. तसं करू नका. बाहेर पडण्याचा बेत जागा बघून करायचा नसतो, बाथरूम बघून करायचा असतो, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाही. संग्रहालयं, जहांगीर कलादालन आणि नाट्यगृहं इथे सोय बरी असते. तिकीट काढून संग्रहालयात शिरलात की तीन तास तुम्ही निर्धास्त, वर बसायला बाकं. बसून खाण्याच्या हॉटेलात चहा मागवून विचारायला अजिबात लाजू नका. स्टेशनातली स्वच्छतागृहं असतात, त्यांच्यावर विसंबायचं की नाही ते दारातूनच कळतं. पर्समध्ये कागदी रुमाल आणि सुटे पैसे. साडी नेसत असाल तर त्या दिवशी सुती आणि जरा वर. चप्पल नवी नको.

गुडघ्यांसाठी एक लक्षात ठेवा: मुंबईत चालण्यापेक्षा चढण्या-उतरण्यानं माणूस थकतो. पूल, सबवे, पुन्हा पूल. सरकता जिना किंवा लिफ्ट कुठल्या टोकाला आहे ते फलाटावर विचारून मगच चालायला लागा, नाहीतर अख्खी बारा डब्यांची लांबी उलट चालावी लागते. आणि सायनच्या पुढे दक्षिणेला रिक्षा नाहीत, हे बाहेरगावच्या माणसाला कुणी सांगत नाही. तिथे काळी-पिवळी टॅक्सी. जवळच्या अंतराला मीटरनं सहज परवडते, सुनेच्या ॲपची गरज नाही. भाषेची चिंता सोडा. मराठीत विचारा. उत्तर हिंदीत आलं तरी ते उत्तरच असतं.

दुसरी खेप भायखळा. हे मी आग्रहानं सांगते, कारण भाच्याच्या २३मध्ये हे नसणार, पैज लावते.

भायखळ्याला उतरल्यावर आधी स्टेशनच बघा. जुनं आहे, मोठ्या निगुतीनं दुरुस्त केलंय, २०२२ साली युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला त्याला. तिथून राणीची बाग पायी दहा-पंधरा मिनिटं. लोक पेंग्विन बघायला जातात, तुम्हीही बघा, गार हवेत बरं वाटतं. पण खरी गंमत फाटकाजवळच्या संग्रहालयात आणि त्याच्या अंगणात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. गोव्यातल्या मांद्र्याहून मुंबईत शिकायला आलेला मुलगा, पुढे नामांकित डॉक्टर झाला आणि या संग्रहालयासाठी झटला. १८७२पासून ते या इमारतीत आहे. आत मातीच्या लहान लहान बाहुल्या आहेत, जुन्या मुंबईतले नाना धंद्यांचे लोक, त्यांच्या पगड्या-पागोट्यांसकट. वर्गात ‘आपले मदतनीस’ शिकवलंय ना? तेच, पण दीडशे वर्षांपूर्वीचे.

आणि बाहेर एक काळ्या दगडाचा हत्ती. त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, पोरं फोटोपुरती टेकतात. हा हत्ती घारापुरीचा. पोर्तुगीज त्या बेटावर उतरले, तेव्हा त्यांना तो दिसला आणि म्हणून त्यांनी बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं. पुढे १८६४ साली इंग्रजांनी तो उचलून विलायतेला न्यायचं ठरवलं. यारी मोडली, हत्ती खाली पडला आणि फुटला. तुकडे इथे आणून टाकले. १९१४ साली ते जोडले. जवळ जा, सांधे दिसतात. पोटाखालून, पायांवरून भेगा गेल्यात, मोडलेलं हाड बसवावं तशा. ज्याच्यावरून बेटाला नाव पडलं तो आता बेटावर नाही, भायखळ्यात उन्हात उभा आहे.

तिथेच काळा घोडाही आहे. म्हणजे खरा. फोर्टातल्या ज्या चौकाला सगळे काळा घोडा म्हणतात, तिथे सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा होता. तो १९६५ साली हलवून या बागेत आणला. चौकात घोडाच उरला नाही, नाव तेवढं टिकलं. पन्नासेक वर्षं तसंच चाललं. मग २०१७ साली तिथे नवा घोडा उभा केला, स्वाराविना.

म्हणून तिसरी खेप काळा घोडा. आधी स्वार बघून झालेला असेल, मग रिकामा घोडा बघताना हसू येईल. सीएसएमटीहून टॅक्सी करा किंवा सावलीसावलीनं चालत जा, वाटेत हुतात्मा चौक लागतो, तिथे थांबा. जहांगीरला तिकीट नाही. कळलं नाही तरी चित्रांसमोर उभं राहायचं, कुणी परीक्षा घेत नाही. शेजारी मोठं वस्तुसंग्रहालय आहे, पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स. ते एका दिवसात संपवायच्या फंदात पडू नका, एक मजला पुरे. परतताना ओव्हलवर जा आणि मैदानाच्या मध्ये उभ्या राहा. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, टोकदार कमानींचा दगडी थाट. दुसऱ्या बाजूला गोल गॅलऱ्यांच्या, फिकट रंगांच्या इमारती, साधारण साठ वर्षांनी धाकट्या. मध्ये क्रिकेट. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. टॉवर प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावानं बांधवला, १८७८ साली पुरा झाला. आई आंधळी होती, सूर्यास्ताआधी जेवायची, तिला वेळ कळावी म्हणून घंटा, असं सांगतात. मुलांनी आईसाठी काय काय केलं, हे घरी सहज बोलता बोलता सांगायला हरकत नाही.

दादर तुम्हाला मी शिकवायची गरज नाही. फुलबाजार, मराठी पाट्या, मराठी भांडणं, अर्ध्या तासात घरच्यासारखं वाटेल. फक्त तिथल्या फलाटांचे नंबर २०२३च्या अखेरीस बदलले. आता पश्चिमेकडून सलग १ ते १४ मोजतात, आणि आपल्या मध्य रेल्वेचे ८पासून पुढे. जुन्या माणसानं ‘एक नंबरवर जा’ सांगितलं तर पुन्हा विचारून घ्या. हिंदू कॉलनीत राजगृह आहे, बाबासाहेबांचं घर. पुस्तकांसाठी बांधलेलं घर शिक्षिकेनं बघायलाच हवं.

भुयारी मेट्रोनं जा असं कुणी सांगेल. गार आहे, झकास आहे, पण खिडकीबाहेर काळा बोगदा. आरेहून कफ परेडला पोचायला ती उत्तम, शहर बघायला नव्हे.

घारापुरी मात्र एकटीनं करू नका. तासाभराची बोट, वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. वर त्रिमूर्ती आहे, २० फुटांची, अखंड खडकात. तिच्यासमोर बसायला वेळ आणि खांद्याला हात हवा. मुलाचा एक रविवार इथे खर्च करा. सकाळच्या पहिल्या बोटींनी, गाडी घरी ठेवून. त्या दिवशी माटुंगा ते मुलुंड रुळांच्या कामासाठी मेगाब्लॉक आहे का, ते आदल्या दिवशी बघायला त्यालाच सांगा. सोमवारी लेणी बंद असतात.

बोटीत तो तुम्हाला सांगायला लागेल की या बेटाला एलिफंटा का म्हणतात. सांगू द्या. मग तो हत्ती कुठे गेला, ते विचारा. त्याला येणार नाही. नातवंडं असतील तर त्यांना घेऊन पुढच्या सुट्टीत तुम्ही सगळ्यांना भायखळ्याला न्या, लोकलनं, धीम्या गाडीनं. वार कुठलाही चालेल, बुधवार सोडून. बुधवारी राणीची बाग बंद असते.